कॉलेजच्या वाटेची शिदोरी

पूर्वी आपल्या भागात एखाद्या घरचा मुलगा मॅट्रिक झाला की गावभर पेढे वाटीत. आणि मौज अशी की, जो नापास होई त्याचीही अगदीच उपेक्षा होत नसे. ‘नॉन-मॅट्रिक’ ही सुद्धा एक पदवीच होती. ती नावापुढे लावून पुष्कळांनी नोकऱ्या केल्या, लग्ने जमवली, आणि पुढे आपल्या नातवंडांना ‘आमच्या वेळचे मॅट्रिक म्हणजे तुमचे बी. ए.’ असे ऐकवलेही. आमचे मामंजी तर हे वाक्य अजून दर परीक्षेच्या हंगामात एकदा तरी म्हणतातच. आता मॅट्रिकही गेले आणि नॉन-मॅट्रिकही गेले. परंतु ह्या एका शब्दामागे आपल्या सातारा-सांगलीकडचा केवढा तरी इतिहास आहे. मंडळाच्या वाचनालयातील पुस्तके चाळून आणि घरातल्या वडील माणसांना विचारून जेवढा समजला तेवढा भगिनींपुढे ठेवते. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. तेव्हा पंडितांनी हसू नये.

मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याची परीक्षा, असा आपला समज. तो खरा नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याने पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या वेळच्या उत्तीर्णांपैकी. ही परीक्षा शाळेची नव्हे, विद्यापीठाची. विद्यापीठ जणू दारात उभे राहून विचारी, ‘ह्या मुलाला आत घ्यावे काय?’ म्हणजे सारे हायस्कूल ही कॉलेजचीच तयारी होती. आधी मराठी इयत्ता, मग इंग्रजी पहिली ते सातवी, आणि ती इंग्रजी सातवी म्हणजेच मॅट्रिकचा वर्ग. ज्याला कॉलेजात जावयाचे नाही त्याचा विचार ह्या मांडणीत फारसा नव्हताच. आणि खेड्यातली पोरे तर बहुतेक सारी त्या ‘न जाणाऱ्यांत’ मोडत.

साताऱ्याला राजवाड्यात सरकारी हायस्कूल होते. त्याच शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर ह्या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. पुढे हे कुटुंब मुंबईस गेले आणि बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. आता त्या दाखल्याचा दिवस आपल्या राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात, हे आपल्या मुलांना शाळेत ठाऊक झालेलेच असते. ह्याच सुमारास, म्हणजे १८९९ साली, डेक्कन एज्युकेशन सोसायटीने साताऱ्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. तेव्हा हायस्कुले होती, नव्हती असे नाही. परंतु मॅट्रिक झाल्यावर पुढे काय? कोल्हापूरला राजाराम कॉलेज, नाहीतर पुण्याला डेक्कन किंवा फर्ग्युसन. म्हणजे खोली भाड्याने घ्या, खाणावळ लावा, पुस्तके घ्या. ज्याच्या घरी दोन बैल आणि चार एकर जिराईत, त्याने हे कोठून आणावे?

येथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण नव्या मुलींना ती ठाऊक नसते. तेव्हा सातारा आणि सांगली हे असे दोन जिल्हे नव्हते. सांगली, मिरज, औंध, जत, फलटण ही निरनिराळी संस्थाने होती, आणि त्यांच्या मधून मधून इंग्रजी मुलूख होता. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडत. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याचे नाव १९६० साली सांगली असे झाले. माझे माहेर आटपाडीकडचे, सासर कोरेगावकडचे. तेव्हा माझ्यापुरती ही वाटणी झालीच नाही म्हणावयाची.

सांगली आणि मिरज ह्यांच्या मधोमध, आज जेथे विश्रामबाग म्हणतात तेथे, १९१९ साली विलिंग्डन कॉलेज निघाले. तेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीचेच. गोविंद चिमणाजी भाटे तेथे प्राचार्य होते, आणि कन्नड साहित्यातले मोठे नाव विनायक कृष्ण गोकाक हेही पुढे तेथे होते. मराठी मुलुखातली आणि कर्नाटकातली अशी दोन्हीकडची मुले ह्या कॉलेजात एका बाकावर बसत. कृष्णाकाठच्या मुलांना पुण्याची वाट धरावयाची गरज उरली नाही, हे त्या कॉलेजचे मोठेच उपकार. परंतु कॉलेज जवळ आले म्हणून मुले कॉलेजात पोहोचली, असे झाले नाही. त्याला आणखी एक गोष्ट लागत होती.

आणि येथूनच माझ्या मते ह्या विषयातला खरा गाभा सुरू होतो.

त्याच १९१९ सालच्या ४ ऑक्टोबरला कराड तालुक्यातील काले ह्या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. भाऊराव १८८७ साली कुंभोजला जन्मले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून ते शिकले, पण स्वतः इंग्रजी सहावीपर्यंतच. म्हणजे ते सुद्धा नॉन-मॅट्रिकच! ह्या माणसाने आधी साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या केल्या. आज क्लासवाल्यांना आपण नावे ठेवतो, परंतु कर्मवीरांनी सुद्धा आपला संसार काही काळ शिकवण्यांवरच चालवला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकले, कूपरांच्या कारखान्यात काम केले, आणि त्या निमित्ताने खेडोपाडी हिंडताना त्यांनी एक गोष्ट पाहिली. पोरगा हुशार असतो, बापाचीही ना नसते, परंतु हायस्कूल ज्या गावी आहे तेथे त्याने राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे काय?

म्हणून त्यांनी आरंभी शाळा काढली नाही, वसतिगृह काढले. मिरजेजवळच्या दुधगावात १९१० च्या सुमारास, मग नेर्ले, काले, आणि १९२४ साली साताऱ्यात. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतले हे बोर्डिंग आपल्यापैकी पुष्कळींनी पाहिले असेल. मुले शाळेत शिकावयाची आणि बोर्डिंगात राबावयाची. पाणी भरणे, स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम, सारे त्यांचेच. पुरुषमाणसाने भाकरी थापण्याला त्या काळी किती हसत असतील, ह्याची आपल्याला कल्पना आहेच. आजही काही घरांत हसतात.

ह्या बोर्डिंगाच्या चुलीवर जे शिजे ते आले कोठून, ही हकीकत मात्र बायकांनी मुद्दाम वाचावी. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी आपले दागिने एकेक करून दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, असे सांगतात. १९३० साली त्या वारल्या. संस्था वाढलेली त्यांना पाहावयास मिळाली नाही. आणि दुसरी गोष्ट मुष्टिफंडाची. गावोगावच्या बायकांनी दळण घालताना किंवा स्वयंपाकाला धान्य काढताना त्यातून एक मूठ बाजूला ठेवावयाची, आणि ते साठलेले धान्य बोर्डिंगला जावयाचे. आपल्याला स्वयंपाकघरातला हा हिशेब चांगला समजतो. एका मुठीने घरातले काही कमी पडत नाही. चार माणसांच्या घरात ती मूठ पिठात कोठे जिरते ते कळतही नाही. पण शंभर घरच्या शंभर मुठी महिनाभर साठल्या तर पोती होतात. ह्या बायकांना मॅट्रिक म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. कोणाच्या पोराच्या पोटात आपली ज्वारी गेली, तो पुढे वकील झाला की मास्तर, ह्याचा त्यांना कधी पत्ता लागला नसेल.

माझ्या अल्पमतीप्रमाणे आपल्या भागातली कॉलेजची पहिली तयारी ही अशी आहे. पुस्तक नंतर. आधी डोक्यावर कौल, पोटात भाकरी आणि परक्या जातीच्या मुलाशेजारी बसण्याची सवय. साताऱ्याहून मॅट्रिक होऊन पुण्याला जाणाऱ्या मुलांचीही सोय झाली. येरवड्याच्या करारानंतर १९३२ साली भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. मग १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेही मोफत आणि राहण्याच्या सोयीसह, ‘कमवा आणि शिका’ ह्या तत्त्वावर. आणि १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज. तेही त्याच तत्त्वावर. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आले. स्वतः सहावीवर थांबलेल्या माणसाला पुणे विद्यापीठाने १९५९ साली डी. लिट्. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी कर्मवीर गेले.

आमच्या मामंजींनी ह्याच शिवाजी कॉलेजात दोन वर्षे काढली. सकाळी दोन तास शेतावर काम, मग अंघोळ, मग तास. ते सांगतात, पहिले तीन महिने प्राध्यापक इंग्रजीत काय बोलतात ते अर्धेअधिक डोक्यावरून जाई. पण घरी पळून जावे असे मात्र वाटले नाही, कारण शेजारचा पोरगाही तसाच गोंधळलेला होता आणि दोघांनी मिळून सकाळी खुरपणी केलेली होती. ह्या बोर्डिंगांतून बॅ. पी. जी. पाटलांसारखी माणसे निघाली. ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

सर्वांचेच असे झाले, असे मात्र नाही. मॅट्रिकच्या उंबऱ्यावर अडकलेले पुष्कळ. आमच्या आटपाडीकडचे उदाहरण देते. गदिमांचे गाव शेटफळे. ते औंध संस्थानात शिकले आणि गणिताने त्यांना मॅट्रिकला अडवले. पुढे १९५५ साली त्यांचे गीतरामायण रेडिओवर घरोघर ऐकू लागले, तेव्हा त्या गणिताच्या मार्कांची आठवण कोणाला राहिली असेल? उलट आटपाडीचेच शंकरराव खरात. गावकीची कामे करणाऱ्या महार कुटुंबातले. तेही औंधला हायस्कुलात शिकले, पुढे पुण्याला कॉलेजात गेले, वकील झाले, लेखक झाले आणि मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आणि वाटेगावचे अण्णाभाऊ साठे तर शाळेत दीड दिवसच बसले, असे सांगतात. एकाच बाजूची ही तीन माणसे. परीक्षेने माणसाची किंमत ठरत नाही हे गदिमांवरून दिसते, म्हणून शाळाच नको असे कोणी म्हणू लागले तर त्याला शंकररावांकडे बोट दाखवावे. शंकररावांना ती पायरी चढावयास मिळाली नसती, तर त्यांना गावकीतच ठेवण्यास सारे गाव तयार होते.

यशवंतराव चव्हाणांचीही गोष्ट ह्यातच येते. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना १९३२ साली त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. सुटून आल्यावर १९३४ साली ते मॅट्रिक झाले, १९३८ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए. झाले. वडील लहानपणीच गेलेले, आई विठाई अशिक्षित. मुख्यमंत्री झाल्यावर ह्याच यशवंतरावांच्या राज्यात, ज्यांचे वर्षाचे उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत त्यांच्या मुलांची फी माफ झाली. ‘ई. बी. सी.’ हे शब्द आपल्या भागात शेतकऱ्यांच्या तोंडी इतके बसले की ते इंग्रजी आहेत हेही लोक विसरले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालणे हा तेव्हापासून कॉलेजच्या तयारीतला एक धडाच होऊन बसला आहे. तो अजून अभ्यासक्रमातून गळालेला नाही.

आता मुलींचे. इतके लिहिताना भगिनींच्या मनात आले असेलच की, ह्या साऱ्या हकीकतीत मुली कोठे आहेत? सावित्रीबाई फुले आपल्याच साताऱ्याच्या, खंडाळ्याकडच्या नायगावच्या. १८३१ सालचा त्यांचा जन्म. पुण्याला १८४८ साली मुलींची शाळा चालू झाली. १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, आणि तेथे मुलींना कॉलेजचे विषय मराठीतून शिकता येऊ लागले. ही त्या काळी केवढी तरी मोठी सोय! कारण मॅट्रिकची खरी अडचण इंग्रजीच होती. परंतु ते पुण्यामुंबईचे झाले. आमच्या माणदेशी वाड्यावस्त्यांवर हे वारे पोहोचायला फार दिवस लागले. जी बाई मुष्टिफंडात मूठ टाकी तिच्या मुलाला बोर्डिंग उघडे होते. तिची मुलगी मात्र त्याच वेळी धाकट्या भावाला काखेत घेऊन बसे. मुलींसाठीही वसतिगृह निघाले, आणि साताऱ्यात लक्ष्मीबाईंच्याच नावाने ते झाले. तरी त्याचा लाभ थोड्या जणींना झाला. घरापासून लांब मुलीला राहू देण्याची तयारी मुलीने करावयाची नसते, ती आईबापांनी करावयाची असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. हायस्कूल होते पाच किलोमीटरवर, मध्ये ओढा. भाऊ सायकलवर गेला. मी घरी राहिले. मला पाचवीपासून इंग्रजी होते, म्हणजे तीन वर्षे ते शिकले. एवढ्या भांडवलावर आज मी औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचते, आणि मोबाईलवर आलेला निरोपही लावून लावून वाचते. घरच्यांना मी दोष देत नाही. आमच्या आळीतल्या एकाही मुलीला कोणी ओढ्यापलीकडे पाठवले नव्हते. मी पहिली ठरले असते, आणि पहिली ठरण्याएवढे बळ घरात नव्हते.

परंतु कॉलेजच खेड्यात आले, आणि त्याने फार मोठा फरक केला. ही गोष्ट जरा नीट सांगते, कारण लोक तिची फारशी आठवण ठेवीत नाहीत. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कायद्याने मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून गेले आणि एस. एस. सी. ची परीक्षा बोर्डाकडे आली. नाव बदलले तसा प्रश्नही बदलला. आधी परीक्षा विचारी, ‘तू कॉलेजला लायक आहेस काय?’ आता ती विचारू लागली, ‘तू शाळा पुरी केलीस काय?’ गरीब मुलाच्या दृष्टीने हे बरेच झाले. परंतु शाळा आणि कॉलेज ह्यांच्यामध्ये एक खाच पडली. त्यातच पाचवी ते सातवीचे इंग्रजी निघाले, ते आठवीपासून होऊ लागले, आणि कॉलेजात तर सारे इंग्रजीच. ही खाच बुजवण्यासाठी विद्यापीठांनी पदवीच्या आधी ‘प्री-डिग्री’चे एक वर्ष ठेवले. पुणे विद्यापीठ १९४९ साली झाले, आपल्या भागाचे शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात झाले, पण अकरावी पास होऊन आलेला मुलगा प्री-डिग्रीत गटांगळ्या खातोच, ही तक्रार चालूच राहिली.

मग १९६४ ते १९६६ ह्या काळात डॉ. कोठारींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, म्हणजे आपल्याच बाजूचे. शाळेची दहा, मधली दोन आणि पदवीची तीन वर्षे अशी मांडणी ह्या आयोगाने पुढे केली. आपल्या राज्यात तिच्याप्रमाणे १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याच साली जुन्या अकरावीचीही मुले परीक्षेला होती. दोन वर्गांची मुले एकदम बाहेर पडली आणि प्रवेशाला ही गर्दी, असे आमच्या मोठ्या नणंदबाई सांगतात.

ह्या मांडणीतली मधली दोन वर्षे म्हणजे अकरावी-बारावी. ती कॉलेजालाच जोडावयाची असा नियम झाला नाही. ती हायस्कुलालाही जोडता आली. बस, एवढ्या एका गोष्टीने आमच्या भागात जे झाले ते झाले! तालुक्याच्या गावीच कॉलेज, हे गेले. मोठ्या खेड्यातल्या हायस्कुलावर दोन खोल्या चढल्या, ‘कनिष्ठ महाविद्यालय’ अशी पाटी लागली, आणि मुलगी त्याच आवारात, त्याच मास्तरांच्या नजरेखाली, त्याच वेण्यांनी बारावी होऊ लागली. आईबापांच्या मनात ‘कॉलेज’ ह्या शब्दाची जी धास्ती होती ती पाटी शाळेवरच लागल्यामुळे निघून गेली. पुढे एस. टी. ने खेड्यातल्या मुलींना शाळेचा पास फुकट दिला. माझी धाकटी बहीण ह्याच वाटेने बारावी झाली, मग बी. ए. झाली. आम्हां दोघींत सहा वर्षांचे अंतर. तेवढ्या वेळात ओढ्यावर पूल झाला होता आणि एस. टी. गावात येऊ लागली होती. पंडित लोक ह्याला शिक्षणाची मांडणी म्हणोत, माझ्या लेखी तो पूल आणि ती एस. टी.

एस. टी. ची आणखी एक हकीकत. कराडला, साताऱ्याला, सांगलीला खोली करून राहिलेल्या मुलांचे डबे रोज पहाटेच्या गाडीने येत. कडीला सुताने चिठ्ठी बांधलेली, डबा कंडक्टरच्या हवाली. स्टँडवर पोरे घोळका करून उभी असत. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. त्या डब्यात वरण सांडलेले आणि कालवण थंड झालेले, पण आईच्या हातचे. मुष्टिफंडाची ती मूठच ह्या डब्यात आली असे मला वाटते. फरक एवढाच की आता प्रत्येक घर आपल्याच मुलापुरते भरू लागले.

आणि हा फरक पुढे वाढतच गेला. बारावीच्या मार्कांवर डॉक्टरी-इंजिनियरी ठरू लागली तशी तयारी म्हणजे मार्क, असेच होऊन बसले. लातूरच्या पद्धतीची कीर्ती आपल्यापर्यंत आली. मग सी. ई. टी. आली, नीट आली. मुले नाव घालतात कनिष्ठ महाविद्यालयात आणि बसतात क्लासात. २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. २०२५ पासून तर राज्यभर अकरावीचा प्रवेशही ऑनलाइन झाला. फॉर्म भरता भरता आईबापांचीच परीक्षा होते. मी क्लासच्या विरुद्ध नाही. आमच्याही घरातून फी गेली आहे, आणि ती कशी उभी केली ते घरातल्यांनाच ठाऊक. परंतु बारावीला चांगले मार्क पडलेली एक ओळखीची मुलगी पुण्याच्या वसतिगृहात आठ दिवस राहून रडत परत आली, तेव्हा मला धनिणीची बाग आठवली. तिला भौतिकशास्त्र येत होते. चार परक्या मुलींत एका खोलीत राहणे, बँकेत पैसे भरणे, वर्गात उभे राहून ‘मला समजले नाही’ म्हणणे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. ही सारी कामे तिची आईच करीत होती, अभ्यासाचा वेळ जाऊ नये म्हणून! महिन्याभराने तीच मुलगी पुन्हा गेली आणि आता चांगली रमली आहे, हे सांगितले नाही तर तिच्यावर अन्याय होईल.

सरकारने २०२४ साली आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची, इंजिनियरी-डॉक्टरीसारख्या शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. यशवंतरावांचे बाराशे आठवले की हसू येते आणि बरेही वाटते. फी सुटली. राहणे आणि जेवणे मात्र अजून ज्याचे त्यालाच पाहावे लागते, म्हणजे भाऊरावांनी नांगर विकता विकता जो प्रश्न पाहिला होता तो मुलींच्या बाबतीत आजही तसाच उभा आहे. पुणे आणि कोल्हापूर दोन्ही विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना चालते. तासावर काम मिळते आणि त्याचे पैसे मिळतात. आपल्यापैकी किती जणींनी आपल्या मुलींना तिची माहिती दिली आहे? मी विचारले तेव्हा आमच्या आळीत दोघींना ठाऊक होते, आणि त्यांतली एक म्हणाली, ‘लोक काय म्हणतील, मुलीला कामाला लावले!’ लक्ष्मीबाईंनी हे ऐकले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

आपल्या मंडळाच्या मागच्या खोलीत दोन वर्षांपासून मुली अभ्यासाला बसतात, हे सर्वांना माहीत आहे. आरंभी सहा होत्या, आता चौदा आहेत. शिकवणारे कोणी नाही. एक मोठे टेबल, दोन ट्यूबलाइट आणि शब्दकोश. ज्या मोठ्या मुली कॉलेजात आहेत त्या सुट्टीत येऊन धाकट्यांना वसतिगृहाचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि उत्पन्नाच्या दाखल्याची वाट समजावून सांगतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्या एकीने बारावीच्या मुलींकडून आठवडाभर पाळीपाळीने सर्वांचा चहा आणि पोहे करून घेतले, हिशेब लिहून घेतला, आणि खर्चात सतरा रुपये कोठे गेले ते सापडेपर्यंत कोणाला घरी सोडले नाही. ते सतरा रुपये कोथिंबिरीचे निघाले.

दिवाळीनंतर ही खोली रात्री साडेनऊपर्यंत उघडी राहील. किल्ली आळीपाळीने सभासदांकडे असते. मार्गशीर्षातले दोन गुरुवार आणि पौषातला एक आठवडा अजून कोणी घेतलेला नाही. ज्यांना जमेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.